जठराची शस्त्रक्रिया आणि वजनाचे भाकीत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. गेली वीस-बावीस वर्षे हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवितो. वैद्यकाशी आमचा संबंध म्हणाल तर रोग्याच्या उशाशी बसण्यापुरता. असे असता या व्याख्यानमालेत आम्ही शस्त्रक्रियेवर बोलावे हे कोणास आगाऊपणाचे वाटले, तर त्यांचा दोष नाही. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

आपल्या वैद्यकीय मदत समितीवर आम्ही काही वर्षे काम करीत आहोत. काही महिन्यांपूर्वी समितीपुढे एक अर्ज आला. अर्जदाराचे वजन फार, मधुमेह जडलेला, गुडघे बोलू लागलेले. डॉक्टरांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचविलेली. अशी शस्त्रक्रिया आता आपल्या गावातही ऐकिवात आहे. परंतु समितीपुढे हा प्रश्न प्रथमच येत होता. चर्चा पुष्कळ झाली. "तोंड आवरले तर फुकटात होणारे काम, त्याला ट्रस्टचे पैसे कशाला?" असेही एकजण बोलून गेले. शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्याकडे वळून म्हटले, "सर, तुम्ही गणिताचे. यांचे वजन नक्की किती उतरणार, तेवढे काढून द्या. मग आम्ही सही करतो."

आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. सभासदांना वाटले असेल, सर हिशेब करीत आहेत. वस्तुस्थिती अशी की हाच हिशेब आम्ही पूर्वी एकदा मोठ्या आत्मविश्वासाने करून दिला होता आणि त्याची किंमत आमच्या थोरल्या बहिणीने मोजली. ती हकिकत सांगितल्यावाचून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. आपांची त्याला परवानगी आहे. "सांग, पण आकडे बरोबर सांग," एवढीच त्यांची अट.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी थोडे. आपल्याकडे आज दोन प्रकार विशेष चालतात. एकीत जठराचा बाहेरच्या फुगीर बाजूचा भाग, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक, कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवतात. हिला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात, म्हणजे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जाते. ही बायपास. दोन्ही आता बहुधा दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच बारीक छिद्रांचे व्रण राहतात, एवढेच.

या कल्पनेचा उगम वजनासाठी झालाच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यवैद्य होते. पोटातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, ती माणसे पुढे सहसा लठ्ठ होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून 1966 साली त्यांनी आणि इटो यांनी वजनासाठी पहिली जठर-बायपास केली. त्याआधी 1954 साली मिनेसोटातील शल्यवैद्यांनी जठराला हात न लावता आतड्याचाच मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. वजन तिनेही उतरे, आणि झपाट्याने उतरे. पण पुढे यकृत बिघडे, मूतखडे होत, अन्नातील सत्त्वे अंगी लागत नसत. अखेर ती सोडून द्यावी लागली. काट्यावर उतरलेला आकडा म्हणजे रोगी बरा झाला असे नव्हे, हे वैद्यकाला तेव्हाच कळावयास हवे होते. कळलेही असेल. आम्हांला मात्र कळले नव्हते.

पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की, पिशवी लहान, म्हणून पोट लवकर भरते, म्हणून माणूस वाळतो. हे अर्धेच खरे आहे. 1999 साली कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचा एक स्राव शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो आणि मेंदूला भुकेची वर्दी देतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जो भाग काढून टाकतात तो नेमका हाच. म्हणजे नुसती पिशवी लहान होत नाही, भुकेची घंटाच मंद होते. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे तृप्तीची वर्दी देणारे दुसरे स्राव वाढतात. आता ही घंटा कोणाची किती मंद होईल, ती किती वर्षांनी पुन्हा वाजू लागेल, हे प्रत्येकाच्या शरीरावर अवलंबून. भाकिताची सारी अडचण इथून सुरू होते.

आता आमच्या आपांची गोष्ट. आपा आमच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. लहानपणी आमची पाटी पुसून शाळेत धाडण्याचे काम त्यांच्याकडेच असे. 2017 च्या जानेवारीत त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वय 51, उंची 154 सेंटिमीटर, वजन 112 किलो. मधुमेह नऊ वर्षांचा, आणि त्यापैकी शेवटची तीन वर्षे इन्सुलिनच्या सुईवर. शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही निरनिराळ्या ठिकाणांहून माहितीपत्रके जमविली होती. त्यांपैकी एकात ठळक अक्षरांत छापले होते की, 'जादा वजनाच्या 70 ते 80 टक्के वजन उतरते.' आम्ही गणिताचे शिक्षक! वही काढली. या उंचीला योग्य वजन 59 किलो आणि थोडे. म्हणजे जादा वजन 52.7 किलो. त्याचे 75 टक्के म्हणजे साडेएकोणचाळीस. 112 मधून वजा जाता बाकी साडेबहात्तर. हा आकडा आम्ही आपांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटविला. दुलाभाईंनी त्यावर पेढे वाटायचे कबूल केले. अम्मींनी त्या वजनाला बसेल असा कपड्यांचा जोडही शिवावयास टाकला. घरात सर्वांनी तो आकडा एखाद्या निकालपत्रासारखा मानला.

आपांनी काही कमी केले नाही. पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग घरचे जेवण वाटीच्या मापाने. तीन महिन्यांत 112 चे 97 झाले. सहा महिन्यांत 90. चौदाव्या महिन्यात 84. आणि तिथे काटा थांबला. दोन वर्षांनी तो 86 वर आला. आम्ही दर महिन्याला वहीत आलेख काढीत असू, आणि आलेख साडेबहात्तरच्या रेषेला काही केल्या टेकेना. घरात मग बोलणे सुरू झाले. कोणी म्हणे, चहाबरोबर खारी खातात. कोणी म्हणे, लग्नात कुंदा खाल्ला तेव्हापासून. आम्ही प्रत्यक्ष काही बोललो नाही. पण आलेख काढीत राहिलो, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

2019 च्या मध्यापासून आपांनी तपासणीला जाणे बंद केले. आज पाहुणे आहेत, उद्या अंग दुखते, अशी कारणे. 2020 साली साथ आली आणि मग कारणांचीही गरज उरली नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या केव्हा सुटल्या ते कोणालाच कळले नाही. 2021 च्या अखेरीस त्यांना जिना चढताना धाप लागू लागली, तळपायांना मुंग्या येऊन बधिरपणा आला. रक्त तपासले तेव्हा लोह आणि बी-12 दोन्ही फार खाली गेलेले. जठर कापल्यावर ही सत्त्वे अंगी लागणे कमी होते, म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर ठेवावी लागते. हे शस्त्रक्रियेपूर्वी आम्हांला नीट सांगण्यात आले होते. वहीत आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे. मग आपा दोन वर्षे गेल्या का नाहीत? आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "तिथे गेले की पहिल्यांदा काट्यावर उभे करतात. आकडा लिहितात. मला लाज वाटायची. तू एवढा हिशेब करून दिलास आणि मी नापास झाले."

मंडळी, बावीस वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. आमच्या हिशेबाने कोणाला नापास केले आणि दोष हिशेबाचा होता, असे तोपर्यंत आम्हांला कळले नव्हते. त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले, ते पश्चात्तापाने.

पहिली चूक टक्केवारीची निघाली. शाळेतल्या मुलानेही पकडावी अशी. उंची तीच 154 धरा आणि दोन बाया घ्या. एक 112 किलोंची, दुसरी 86 किलोंची. दोघींचेही मूळ वजनाच्या 25 टक्के वजन उतरले, म्हणजे शरीराने दोघींना सारखीच साथ दिली. पहिलीचे 28 किलो उतरले, दुसरीचे साडेएकवीस. आता हेच 'जादा वजनाच्या' टक्क्यांत मांडा. पहिलीचे जादा वजन 52.7 किलो, तिला मिळाले 53 टक्के. दुसरीचे जादा वजन 26.7 किलो, तिला मिळाले 80 टक्के! माहितीपत्रक खोटे बोलत नव्हते. त्यातील आकडा बहुधा दुसऱ्या बाईसारख्यांचा होता, आणि आम्ही तो पहिलीच्या कपाटाला चिकटविला. म्हणूनच आता अभ्यासक 'एकूण वजनाच्या किती टक्के' हे माप अधिक पसंत करतात. यापुढे कोणी तुम्हांला टक्के सांगितले तर 'कशाचे टक्के?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी चूक काळाची. वजन उतरते ते पायरीसारखे नव्हे. पहिले वर्ष उतार फार तीव्र असतो. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान तळ लागतो. आणि मग बहुतेकांचे वजन थोडे वर सरकते. स्वीडनमध्ये 1987 पासून एक फार मोठा अभ्यास चालला, त्यात सुमारे 2000 शस्त्रक्रिया झालेली माणसे आणि तितकीच न झालेली माणसे वर्षानुवर्षे तपासली गेली. तिथे बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ते 25 टक्के उरले. म्हणजे काही भाग परत आला, पण बहुतेक भाग आला नाही. माहितीपत्रकातले छायाचित्र मात्र नेहमी तळ लागलेल्या दिवसाचे असते. आपांचे वजन 86 वर येणे हा काही त्यांचा गुन्हा नव्हता. तो नेहमीचा रस्ता होता.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे. 2023 साली फ्रान्समधील लील येथील अभ्यासकांच्या पुढाकाराने एक मोठे काम प्रसिद्ध झाले. युरोप, अमेरिका खंड आणि आशिया येथील दहा देशांतील 12 केंद्रे आणि 10,231 रोगी. यंत्राला शिकवून त्यांनी असे गणित बसविले की, शस्त्रक्रियेपूर्वीच्या माहितीवरून पुढील पाच वर्षांचे वजन सांगता यावे. ज्या रोग्यांवर यंत्राला शिकविले त्यांच्याविषयी 434 प्रकारच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्यांतून उपयोगी म्हणून निवडल्या गेल्या सात: उंची, वजन, शस्त्रक्रियेचा प्रकार, वय, मधुमेह आहे की नाही, तो किती वर्षांचा, आणि धूम्रपान. बस्स!

ही यादी वाचून आम्ही थोडा वेळ स्वस्थ बसलो. वय अधिक असले, मधुमेह असला आणि तो जुना असला की वजन कमी उतरते, हे इतर पुष्कळ अभ्यासांतूनही दिसते. आपांचे वय पन्नाशीपार, मधुमेह नऊ वर्षांचा, वर इन्सुलिन, जे स्वतः वजन धरून ठेवते. शिवाय शस्त्रक्रिया स्लीव्ह. फिनलंडमधील 240 रोग्यांच्या तुलनेत पाच वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हने 49 टक्के आणि बायपासने 57 टक्के उतरलेले आढळले, म्हणजे स्लीव्ह किंचित मागेच. हे सारे पहिल्या दिवशी आमच्या वहीत लिहिलेले होते. साडेबहात्तर काढताना त्यांपैकी एकही गोष्ट आम्ही विचारात घेतली नाही. आणि घरच्यांनी काटा थांबल्यावर शोधली ती खारी.

पण थांबा. हे यंत्र तरी अचूक सांगते काय? नवीन रोग्यांवर त्याची परीक्षा घेतली तेव्हा पाच वर्षांच्या शेवटी त्याची मध्यम चूक बीएमआयच्या मापात 2.8 भरली. बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. आपांच्या उंचीला 2.8 चे साडेसहा किलोंहून थोडे अधिक होतात. समजा यंत्राने सांगितले की, या बाईचे वजन पाच वर्षांनी 88 किलो असेल. त्याचा अर्थ एवढाच घ्यावयाचा की, अशा शंभर बाया असतील तर त्यांपैकी सुमारे पन्नास जणी साडेएक्याऐंशी ते साडेचौऱ्याण्णव यांच्या दरम्यान असतील. उरलेल्या पन्नास त्या पट्ट्याच्याही बाहेर. कोणी वर, कोणी खाली. पट्टा रुंदीला 13 किलो, म्हणजे जवळजवळ एक तेलाचा डबा. आणि हे आज उपलब्ध असलेल्या चांगल्या साधनांपैकी एक आहे. शिवाय आपल्या लोकांत तेवढ्याच बीएमआयला चरबी अधिक असते, म्हणून दुसऱ्या देशांच्या आकड्यांवर बसविलेले गणित आपण आणखी जपून वापरावे हे बरे.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग शास्त्र कुचकामी! तसे नव्हे. दहावीच्या वर्गाची सरासरी किती येईल हे आम्ही परीक्षेआधी दोन-तीन टक्क्यांच्या आत सांगतो. पण तिसऱ्या बाकावरच्या मुलाला किती गुण पडतील हे विचाराल तर आमची फजिती ठरलेली. या यंत्राचेही तसेच: समूहाच्या सरासरीत त्याची चूक अगदी थोडी निघाली, एकेका माणसाच्या बाबतीत मोठी. गंमत अशी की, बीएमआयचे सूत्र ज्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले ते बेल्जियमचे केतले हे डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्री होते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे काढावयाचे होते. एखाद्या माणसाचा न्याय करावयाचा नव्हता. ते माप पुढे माणसाच्या गळ्यात आपण अडकविले.

एकेका माणसात एवढा फरक का पडतो? काही भाग रक्तात असावा. 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या सख्ख्या नातेवाइकांच्या जोड्या पाहिल्या. त्यांच्या उतरलेल्या वजनात फरक थोडा आढळला. उलट एकाच घरात राहणाऱ्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या जोड्यांत तो अनोळखी माणसांइतकाच मोठा निघाला. जोड्या थोड्याच होत्या, हे खरे. तरी एकाच चुलीवर जेवणारी माणसे वेगळी उतरतात आणि वेगळ्या चुलींवरची भावंडे सारखी, यात विचार करण्यासारखे काही आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसिक चाचण्यांवरून भाकीत करण्याचे प्रयत्नही पुष्कळ झाले. त्यांतून फारसे हाती लागलेले नाही.

तेव्हा माणसाच्या वागण्याला काहीच किंमत नाही काय? आहे. ती शस्त्रक्रियेनंतरच्या वागण्याला अधिक. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, जो 2016 साली प्रसिद्ध झाला, तीन सवयी पुढे आल्या: आठवड्याला स्वतः वजन पाहणे, पोट भरल्यावर थांबणे, आणि दिवसभर येता-जाता तोंडात काही न टाकणे. तीन वर्षांनंतर माणसामाणसांतील जो फरक दिसला त्यातील सुमारे 16 टक्के फरक या सवयींशी जोडता आला. सोळा टक्के ही रक्कम लहान नव्हे. पण आमच्या घरात आम्ही ती शंभर धरली होती. कुंद्याविषयी म्हणाल, तर मऊ आणि गोड पदार्थ लहान जठरातूनही सहज सरकून जातो, म्हणून त्याबाबत सावध राहणे योग्यच. बेळगावात राहून ते अवघड आहे, हेही कबूल केले पाहिजे.

आणखी एक उपयुक्त गोष्ट अशी की, शस्त्रक्रियेपूर्वीच्या भाकितापेक्षा पहिल्या तीन-सहा महिन्यांतील उतारावरून पुढचे अधिक चांगले कळते. आम्हां शिक्षकांच्या भाषेत, नववीच्या निकालापेक्षा दहावीची सहामाही अधिक बोलकी. उतार मंद दिसला तर डॉक्टर त्याच वेळी आहार पाहू शकतात, औषधे बदलू शकतात. आता भूक कमी करणारी नवी इंजेक्शनेही जोडीला देतात. भाकिताचा खरा उपयोग हा. पण त्यासाठी रोगी तपासणीला आला पाहिजे, आणि ज्याला लाजविले तो येत नाही.

जे येत नाहीत त्यांच्यामुळे आकडेही फसवितात. अशा रोग्यांपैकी पुष्कळजण काही वर्षांनी तपासणीस येईनासे होतात. पाच-दहा वर्षांची सरासरी काढताना उरलेल्यांचीच काढावी लागते. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला जे येतात त्यांच्यावरून शाळेचा निकाल ठरवावा, तसे ते. मेळाव्याला कोण येतो हे आपण सारे जाणतो. आमच्या आपा दोन वर्षे कोणत्याही सरासरीत नव्हत्या.

पाच वर्षे पुरी झाली तेव्हा, 2022 च्या जानेवारीत, आपांचे वजन 91 किलो होते. 112 मधून 21 किलो, म्हणजे एकूण वजनाचे 19 टक्के. माहितीपत्रकाच्या मापाने 40 टक्के. साडेबहात्तरच्या हिशेबाने हा नापासचा शेरा. आता दुसरी बाजू ऐका. इन्सुलिनची सुई शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच सुटली, ती आजवर लागलेली नाही. मधुमेहाची एक गोळी आहे. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. रात्री घोरताना श्वास अडकायचा, तो थांबला. आधी सहा वर्षे त्या खुर्चीवर बसून नमाज पढत. आता सजदा जमिनीवर करतात. बाजारातून भाजीची पिशवी स्वतः उचलून आणतात. या गोष्टींचा रकाना आमच्या वहीत नव्हताच. आलेख एकाच रेषेचा होता.

लोह आणि बी-12 पूर्ववत झाले, पण डाव्या पायाच्या दोन बोटांचा बधिरपणा गेलेला नाही. तो जाईल असे डॉक्टर सांगत नाहीत. साडेबहात्तर किलोंचा तो कागद आम्ही स्वतः कपाटावरून काढला. गोंदाचा डाग दाराला आहे.

आता समितीकडे वळतो. ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, नक्की किती किलो हे आम्हांला, किंवा कोणालाही, काढून देता येणार नाही. पट्टा सांगता येईल, आणि तो डॉक्टरांनी रोग्याच्या वयावरून, आजारावरून सांगावा. वहीवाल्या भावाने नव्हे. मदतीच्या अटीत वजन घालू नये, अशी आमची सूचना आहे. आपल्या काही लाभार्थींना आपण व्यासपीठावर बोलावितो, स्मरणिकेत छायाचित्र छापतो. या बाबतीत 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे छापण्याची कल्पना कोणाच्या मनात आली असेल, तर ती तिथेच ठेवावी. एक वर्षानंतरचे छायाचित्र छापले आणि पाचव्या वर्षी तोच माणूस या सभागृहाच्या दारातून परत फिरला, तर आपण मदत केली की काय केले?

पैशांविषयीही थोडे स्पष्ट बोलतो. शस्त्रक्रियेचे बिल एकदाचे असते आणि ते डोळ्यांत भरते. गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या असतात आणि त्या कोणाला दिसत नाहीत. ट्रस्टने सगळे बिल देण्याऐवजी थोडे कमी द्यावे, पण निदान पाच वर्षांच्या तपासण्यांची रक्कम वेगळी काढून ठेवावी, असे आम्ही लिहून दिले आहे. अर्जदाराचा आरोग्यविमा असेल तर तो आधी पाहावा. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरविलेल्या अटींप्रमाणे रोगी 18 वर्षांवरील असला, डॉक्टरांचा सल्ला असला, इतर उपाय करून पाहिलेले असले आणि बीएमआय 40, किंवा गंभीर जोडआजार असता 35 असला, तर अशी शस्त्रक्रिया 'वजनाची' म्हणून सरसकट वगळता येत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ते थेट आपल्या दाराशी येतात.

शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. तीत जिवाचा धोका आता अल्प आहे, शून्य नाही. आणि स्वीडनच्या त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले, हेही खरे आहे. आपांना विचारले, पुन्हा वेळ आली तर कराल का? त्या म्हणाल्या, "करीन. पण तुला सांगणार नाही."

तो अर्ज पुढच्या बैठकीत पुन्हा येत आहे. छापील नमुन्यात 'अपेक्षित निष्पत्ती' असा एक रकाना असतो. अर्जदाराने तिथे काही लिहिलेले नव्हते, म्हणून कार्यालयाने तो अर्ज अपुरा ठरवून बाजूला ठेवला होता. आम्ही त्याला भेटून आलो. काय लिहू, असे त्याने विचारले. वजन लिहू नकोस, दुसरे काय हवे ते लिही, असे आम्ही सांगितले. त्याने बराच वेळ विचार केला आणि लिहिले की, धाकट्या मुलीला शाळेत सोडायला चालत जाता यावे. शाळा अर्ध्या मैलावर आहे. अर्ज आता पुरा आहे.